मदत हवी आहे : द्विधातू पट्टीचा चालता नमुना करायचाय

नमस्कार मंडळी, पुतणीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात इस्त्रीतला थर्मोस्टॅट मोठा करून दाखवायचाय. तत्त्व तिला पक्कं माहीत आहे. पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या घट्ट जोडल्या की तापल्यावर पितळ जास्त वाढतं, पट्टी पोलादाच्या बाजूला वाकते आणि संपर्क सुटून वीज बंद होते. गार झाली की सरळ होते, वीज पुन्हा चालू. इस्त्रीचं बटण फिरवतो तेव्हा संपर्काचा दाब बदलतो, एवढंच.

अडचण वाकण्याची. मीटरभर पितळ १०० अंशांनी तापवलं तर जेमतेम १.९ मिमी वाढतं, पोलाद साधारण १.२. म्हणजे एकूण १ मिमी जाडीची, १० सेंमी लांबीची पट्टी ६० अंशांनी तापली तर टोक ३ मिमीच हलणार. मागच्या बाकावरून काय दिसणार?

पोलादाऐवजी इनव्हार घेतलं तर फरक दुपटीहून जास्त पडेल. ३६ टक्के निकेल असलेलं हे लोखंड जवळजवळ वाढतच नाही. ते शोधणाऱ्या गिलोम यांना १९२०चं नोबेल मिळालं. पण सोलापुरात मागाचा कुठलाही भाग मागा, मिळेल. इनव्हार म्हटलं की दुकानदार बघतच राहतो.

इथे किंवा पुण्यात छोटा तुकडा कुठे मिळेल? जुन्या गिझरमधली पट्टी चालेल का? आणि जोडायला रिव्हेट बरे की डाग (सोल्डर)? साधा डाग १८३ अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि ती मेणबत्तीवर धरणार आहे. दिवा बॅटरीवरच लावतोय, त्यामुळे शॉकची काळजी नको.