औषधाच्या दुकानात साखर, बीपी तपासायचं तर काय नियम पाळावेत?

प्रश्न – नवा फार्मासिस्ट
दुकानात ग्लुकोमीटर आणि बीपीचं मशीन ठेवणार आहे. परवानगीची चौकशी चालू आहे. रोजच्या कामात कुठं घोळ होतात ते अनुभवी मंडळींनी सांगावं.

लॅबवाली
परवानगीचं आधी बघताय हे छान. मला खरी काळजी वाटते ती सुईची. लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायची बारीक सुई, एकदाच वापरायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कित्येक ठिकाणी नुसती सुई बदलतात आणि टोचायचं पेन सगळ्यांना तेच. पेनच्या टोपणाला लागलेलं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. अशा पेनांमधून लागण झालेली आहे, ही नुसती भीती नाही. तेव्हा पेन ठेवूच नका. एकदा टोचली की आपोआप निकामी होणारी लॅन्सेट घ्या, वापरली की लगेच सुयांच्या टणक डब्यात टाका. हातमोजे दर माणसाला नवे, मीटरही दर वेळी जंतुनाशकाने पुसायचं.

रक्ताचा थेंब घ्यायच्या स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने आकडे चुकतात. आणि आधी हात धुवून कोरडे करायला लावा. फळ सोललेल्या बोटातून साखर हमखास जास्त दिसते!

नवा फार्मासिस्ट
समजा 210 आले, तर त्यांना डायबेटिस आहे असं सांगायचं का?

लॅबवाली
अजिबात नाही. चांगल्या मीटरलाही 100 च्या वर 15 टक्के इकडेतिकडे चालतं. निदान डॉक्टर करतील, लॅबच्या रिपोर्टवरून. तुम्ही आकडा, तारीख, वेळ आणि शेवटचं कधी खाल्लं ते कागदावर लिहून द्या नि डॉक्टरांकडे पाठवा. 70 च्या खाली असेल, माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल, तर तिथल्या तिथे 15 ग्रॅम ग्लुकोज द्या, 15 मिनिटांनी पुन्हा बघा.

निवृत्त सिस्टर
बीपीचं मी सांगते. आल्या आल्या पट्टा गुंडाळू नका. 5 मिनिटं पाठ टेकवून बसू द्या, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, गप्पा बंद. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी उगाच चढलेलं दिसतं, म्हणून दोन-तीन मापांचे पट्टे ठेवा. 180/120 च्या वर गेलं आणि छातीत दुखतंय किंवा बोलणं अडखळतंय, तर थेट ॲम्ब्युलन्स बोलवा.

आणि आकडा काउंटरवरून मोठ्याने सांगू नका हो. मागे रांगेत त्यांच्या ओळखीचं कुणीतरी असतंच.