कंपनी म्हणते १०,००० किमी, मिस्त्री म्हणतो ५,०००. ऐकू कोणाचं?

प्रश्न (घाटंजी तालुका)
नमस्कार. माझी २०२१ची डिझेल गाडी आहे, बीएस-६. पुस्तिकेत लिहिलंय, इंजिन ऑइल १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी शिक्षिका आहे. रोज शाळेपुरतं जाणं-येणं, त्यातला निम्मा रस्ता कच्चा. गावातला मिस्त्री ५,०००लाच बदला म्हणतो. सर्व्हिस सेंटरवाले पुस्तिका दाखवतात आणि बिलात इंजिन फ्लशही (इंजिन आतून धुणं) लावतात. नेमकं काय करू?

उत्तर (वणी)
ताई, पुस्तिका खोटी नाही, पण लोक तिचा एकच तक्ता वाचतात. पुढचं पान उलटा. बहुतेक पुस्तिकांत खडतर वापरासाठी वेगळा तक्ता असतो: धुळीचा रस्ता, जवळच्या फेऱ्या, जास्त ओझं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४५च्या वर, कापूस निघाला की पांदणीवर घोट्याएवढा फुपाटा. तो तक्ता आपल्यासाठीच आहे. मिस्त्री सांगतो तेच कंपनीनंही तिथं लिहिलेलं सापडेल.

मी कोळशाच्या ट्रकांमागून गाडी चालवणारा माणूस, म्हणून एअर फिल्टरचं कळकळीनं सांगतो. तो किलोमीटरवर सोडू नका, उघडून बघत जा. बारीक धूळ आत गेली की रिंगा आणि सिलिंडर घासले जातात, ते पुन्हा भरून येत नाही. आणि कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू देऊ नका, कागद फाटतो.

आता डिझेलचं. तुमच्या गाडीत डीपीएफ असेल, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. शाळा आली, गाडी बंद केली, की ते जळणं अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी चक्क वाढलेली दिसते. तसं दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका, बदलाच. रविवारी पांढरकवड्याला जाऊन ४४ नंबरच्या महामार्गावर अर्धा तास एका वेगात चालवा, काजळी जळून जाईल.

फ्लश तक्त्यात नसेल तर जॉबकार्डवर सही करण्याआधीच काढायला लावा.

उत्तर (वरुड)
पटलं. फक्त एक: मिस्त्रीकडं ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल टाकू देऊ नका. डीपीएफला कमी राखेचंच ऑइल लागतं, ग्रेड पुस्तिकेत आहे. वॉरंटी असेल तर बिलंही जपा.

प्रश्नकर्ती
सापडलं ते पान! धुळीच्या रस्त्याला ५,०००च लिहिलंय. पण ब्रेक ऑइल दोन वर्षांनी का? गाडी तर फार चालतच नाही.

उत्तर (वणी)
ते चालण्यावर नसतंच ताई. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, गाडी उभी असली तरी. पाणी मिसळलं की ते लवकर उकळतं, आणि चिखलदऱ्याचा घाट उतरताना पेडल खाली जातं. त्यात पुस्तिकेचं शब्दशः ऐका.