पुस्तकांचा खोका पलंगाखालीच पडून आहे. नोकरी करून दूरशिक्षणाने बी.ए. कोणी पूर्ण केलंय का?

रबाळे_लोकल:
नमस्कार. कळव्यात राहते, रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला आहे. बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबलं. मागच्या वर्षी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं, इतिहास घेऊन. पुस्तकांचा खोका आला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आता तो पलंगाखाली आहे आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे.

पहिल्या परीक्षेला चार पेपर दिले, त्यातले दोन राहिले. घरातून साडेसातला निघते, परत यायला तेवढेच वाजतात. लोक म्हणतात ट्रेनमध्ये वाच. कळव्याहून ठाण्याला आल्यावर वाशीच्या गाडीत ऑफिसच्या वेळेला कसं शिरतात ते त्यांनी एकदा बघावं. अभ्यासकेंद्रावर रविवारच्या तासाला दोनदा गेले, दोन्ही वेळा वर्गाला कुलूप.

ज्यांनी पूर्ण केलं त्यांनी सांगा, नेमकं काय लागतं? फक्त ‘जिद्द ठेव’ म्हणू नका, ते ऑफिसात रोज ऐकते.

मेहताजी:
ताई, मी तुर्भ्याला मसाला मार्केटात एका गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशेब लिहिणारा, आहे. वडील माथाडी, साताऱ्याकडचे, घर घणसोलीच्या वसाहतीत. एकेचाळिसाव्या वर्षी बी.ए. झालो, पाच वर्षं लागली. म्हणून तुमचा खोका डोळ्यासमोर आला. माझा माळ्यावर होता.

तुम्ही कोणतं मुक्त विद्यापीठ ते लिहिलं नाही. मी इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, तिथलं सांगतो. तुमची नियमावली तुम्ही बघा.

आधी हिशेब, कारण माझा धंदाच तो. पुस्तकाच्या सुरुवातीला क्रेडिट लिहिलेलं असतं. एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. सहा क्रेडिटचा पेपर म्हणजे १८० तास. सहा महिन्यांवर वाटले तर आठवड्याला सात तास, एका पेपरचे. तुम्ही चार दिलेत, म्हणजे अठ्ठावीस तास. साडेसात ते साडेसात बाहेर असणाऱ्या माणसाकडे ते कुठून येणार? दोन सुटले हेच जास्त झालं. इग्नूत परीक्षा जून आणि डिसेंबरला, आणि तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. मी एका वेळी दोनच पेपर दिले. बायको म्हणायची, एवढ्यात पोरगा ग्रॅज्युएट होईल. झालाच तो, माझ्या आधी.

आता खरी गोष्ट. पहिल्या परीक्षेत मी पण आपटलो, आणि वाचलं नव्हतं असं नाही. इतिहासाच्या पेपरात तीन तासांत पाच उत्तरं, प्रत्येक पाचशे शब्दांच्या आसपास. म्हणजे एकाला छत्तीस मिनिटं. तिसऱ्या उत्तराला अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली, चौथ्याला अक्षर मलाच लागेना, पाचव्याला चार ओळी लिहून घंटा. उत्तर पाठ होतं हो! पण वीस वर्षांत पावतीपेक्षा मोठं काही हाताने लिहिलं नव्हतं, आता तर बिलंसुद्धा कॉम्प्युटरवर. त्यात मी हिंदीतून दिलेली. बाजारात दिवसभर हिंदी बोलतो, पण कागदावर ‘का’ की ‘की’ यावरच पेन अडायचं.

त्यानंतर मी असाइनमेंटकडे, म्हणजे घरून उत्तरं लिहून द्यायच्या वहीकडे, वेगळं बघायला लागलो. आधी सगळ्यांसारखीच, झेरॉक्सवाल्याकडून तयार उत्तरं आणून रात्री दोनपर्यंत उतरवून काढायचो. तीस टक्के गुण तिचे, सत्तर परीक्षेचे, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, म्हणून उरकायची. नंतर ठरवलं, प्रश्न समोर, पुस्तक मिटलेलं, मोबाईलवर पस्तीस मिनिटांचा गजर. झालं तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. देताना नीट उतरवून द्यायची, म्हणजे तेच उत्तर दुसऱ्यांदा हातातून गेलं. दिवाळीच्या गर्दीत बाजारात श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा नुसतं एक उत्तर रविवारी. पण ते एक चुकवलं नाही.

ट्रेनमध्ये मी कधीच वाचलं नाही. घणसोली ते तुर्भे उभं राहायला मिळालं तरी नशीब. पुस्तकाच्या पीडीएफ इग्नूच्या ई-ज्ञानकोश या साइटवर फुकट आहेत. दुपारच्या जेवणानंतर गोणींवर टेकून पाच-सात पानं व्हायची. मिरचीच्या गाळ्यात डुलकी लागत नाही, हा एक फायदा.

वर्गाच्या कुलपाचं वाईट वाटलं. पण तिथे गेलात की निदान दोन माणसांचे नंबर घ्या. माझ्याबरोबर कोपरखैरण्याचा एक रिक्षावाला होता. दर शनिवारी त्याचा फोन, “काय लिहिलंस?” एवढंच. त्या फोनच्या भीतीने माझे निम्मे पेपर सुटले.

ऐरोलीची_आई:
मेहताजी, झकास लिहिलंत. रबाळे_लोकल, मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, दोन मुलं सांभाळून. हिशेब पटला, पण बाईच्या घरात तास कागदावर असतात, हातात नसतात. मी अभ्यासाला बसले की सासूबाईंना चहा आठवायचा. शेवटी सरळ सांगितलं, रात्री साडेनऊ ते साडेदहा मी घरात नाही असं समजा. आठ दिवस तोंडं वाकडी होती, मग त्याच दार लोटून घ्यायला लागल्या. तू आईला सांगितलंयस का गं, की दोन पेपर राहिले?

आणि असाइनमेंट दिलीस की पोच घे, स्वतःकडे झेरॉक्स ठेव. हे विसरू नकोस.

नौपाडा_७७:
थोडं विषयांतर. पुढे सरकारी परीक्षा द्यायचा विचार असेल तर धास्ती नको. मान्यताप्राप्त मुक्त आणि दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ च्या सप्टेंबरात स्पष्ट केलंय. फक्त आपल्या कोर्सला त्या वर्षी मान्यता आहे ना, ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर बघून घ्या. इतिहासाची मराठी पुस्तकं हवी असतील तर ठाणे स्टेशनजवळ मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तुम्ही तर रोज तिथूनच जाता.

रबाळे_लोकल:
सगळ्यांचे आभार. काल रात्री करून पाहिलं. राहिलेल्या पेपरातला एक प्रश्न, पस्तीस मिनिटं. दीड पान झालं, शब्द मोजले तर दोनशे तीस. आणि खरंच अंगठा दुखला, मला हसूच आलं. डिस्पॅचला दिवसभर नुसत्या सह्या आणि शिक्के.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटलंच, खोका हललाच नाही ना.” कपडे तिनेच उचलले.

मेहताजी, शनिवारी मी इथेच लिहू का, किती झालं ते?

मेहताजी:
लिहा. आठनंतर बघतो, शनिवारी गाळा उशिरा बंद होतो. आणि पेन बदला ताई, जाड पकडीचं घ्या.