रत्नागिरीत घर शोधतोय, टोकन द्यायच्या आधी काय बघायचं?

ओटीवर:
नमस्कार मंडळी. बजेट 48 लाख. रत्नागिरीजवळ दोन बेडरूमचा फ्लॅट चालेल (नाचणे, शिरगाव, कुवारबाव, कुठेही), नाहीतर 15-20 किलोमीटरच्या आत जुनं कौलारू घर, मागे थोडं परडं असलेलं. अडचण अशी की जाहिरात पडली की दुसऱ्या दिवशी "टोकन आलं" असं ऐकायला मिळतं. एजंट पहिल्या भेटीतच लाखभर मागतात, कागद नंतर दाखवू म्हणतात. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं फोटोवरच पैसे टाकतात. त्यांच्यापुढे निभाव कसा लागायचा? आम्ही दोघंही नोकरदार, शेतकरी दाखला नाही. कर्ज काढणार आहोत.

सातबारावाचक:
शेतकरी दाखला नाही म्हणालात, तर तिथूनच सुरू करतो, कारण निम्मी यादी इथेच गळते. कुळकायद्याच्या (1948) कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपल्याकडे घरं वाड्यांत विखुरलेली. बरीचशी गावठाणाबाहेर, शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरातच उभी. घर 80 वर्षांचं असलं तरी खालची जमीन बिनशेती नसेल तर खरेदीखत अडतं. म्हणून एजंटला पहिला प्रश्न भावाचा नको. "गावठाणात आहे की बिनशेती? आदेशाची प्रत पाठवा" एवढंच म्हणा. सर्व्हे नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या घरासाठी पेट्रोल जाळू नका.

नंबर मिळाला की महाभूलेखवर (सरकारची जमिनीच्या नोंदींची वेबसाइट) सातबारा बघा. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो. "आपली चावडी" या सरकारी वेबसाइटवर त्या गटाची फेरफाराची (नाव बदलाची) नोटीस लागली आहे का, तेही बघून घ्या. उताऱ्यात या गोष्टी शोधा:

– भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बहुधा नजराणाही (सरकारला भरायची रक्कम). पाहिजे तर वाट बघा, पण टोकन देऊ नका.
– "इतर हक्क" या रकान्यात कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा (थकलेलं कर्ज).
– किती नावं आहेत. कोकणातलं खरं दुखणं हेच.

घरपट्टी एकाच्या नावावर आणि सातबाऱ्यावर चौदा सहहिस्सेदार, हे सर्रास दिसतं. घरपट्टीचा उतारा (नमुना 8) मालकीचा पुरावा नव्हे. तो कर कोण भरतो एवढंच सांगतो. "माझ्या वाटणीचं विकतोय" म्हणणाऱ्याचं वाटप सरकारदरबारी नोंदलेलं आहे का ते विचारा. तोंडी वाटपावर बँक कर्ज देत नाही आणि उद्या भाऊबंद कोर्टातून मनाई आणू शकतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचे हक्कही तसेच उभे असतात. हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, साध्या कागदावरचं संमतीपत्र चालत नाही.

एक अनुभवाची गोष्ट: हे सगळे हिस्सेदार गावात एकत्र सापडतात ते गणपतीत, शिमग्याला नाहीतर मे महिन्यात. सामायिक घरच घ्यायचं असेल तर कागद आधी तयार ठेवून दुय्यम निबंधकांकडची वेळ त्याच आठवड्यात घ्या. एकेकाची सही पुढे कुरिअरने गोळा करायला गेलात तर वर्ष सरतं.

हप्तेबंद:
फोटोवर पैसे टाकणाऱ्यांशी पैशात बरोबरी करू नका, तयारीत करा. शोध सुरू करण्याआधीच कर्जाचं पूर्वमंजुरीपत्र काढून ठेवा. बहुतेक बँकांत ते 3 ते 6 महिने चालतं. एक वकील आधीच ठरवा आणि कागद आल्यापासून 48 तासांत प्राथमिक मत द्यायचं, असं त्यांच्याशी बोलून ठेवा. मालकाला "बँकेचं पत्र हातात आहे, सूची 2 (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) आणि सातबारा बघितला, परवा टोकन देतो" म्हणणारा माणूस नुसत्या चढ्या भावापेक्षा जवळचा वाटतो. चढ्या भावाची बरीच गिऱ्हाइकं कर्जाच्या पायरीवर गळतात आणि ते मालकांना माहीत असतं.

आकडा नीट मांडा. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे. 48 लाखांवर 38 लाख 40 हजार. पण बँक स्वतःच्या मूल्यांकनावर जाते. मूल्यांकन 44 लाख आलं तर कर्ज 35 लाख 20 हजारच, आणि खिशातले 9 लाख 60 हजार एकदम 12 लाख 80 हजार होतात. लोक चढाओढीत भाव वाढवतात आणि इथे अडकतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी (1 टक्का, कमाल 30,000) कर्जात धरू नका. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे, विचार करा.

मालक परदेशात असेल तर टीडीएसचा (किमतीतून कापून भरायच्या आयकराचा) नियम वेगळा आणि रक्कम मोठी. सीएला आधी विचारा. त्याच्या कुलमुखत्यारपत्रावर (त्याच्या वतीने सही करायचा अधिकार देणाऱ्या पत्रावर) ते भारतात आल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांक लागलेला हवा.

चिरेबंदी:
आता घर. उन्हाळ्यात रंग काढलेलं घर बघून भुलू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि झड येते ती नैर्ऋत्येकडून. त्या बाजूच्या भिंतीला आतून हात लावा. जमिनीपासून दोनतीन फुटांवर रंगाचे पापुद्रे आणि पांढरी पूड दिसली तर ओल वर चढते आहे. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून पक्कं सिमेंट थापलं असेल तर पाणी आत कोंडतं, आणि नुसता रंग मारून ते थांबत नाही.

छपराला खालून बघा. वाशाचं भिंतीत शिरणारं टोक सगळ्यात आधी कुजतं. तिथे पेचकस टोचा. सहज बोटभर आत गेला की तो वासा गेला. दोन छपरं मिळतात त्या कोनाखालचं लाकूडही तसंच तपासा. वाळवीच्या मातीच्या नळ्या चौकटीमागे असतात, समोर नसतात.

फ्लॅट असेल तर स्टिल्ट पार्किंगमधले खांब आणि बाल्कनीची खालची बाजू. खाऱ्या हवेत आतली सळी गंजून फुगते आणि काँक्रीट सुटतं. रुपयाच्या नाण्याने ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. सळीच्या रेषेत उभी चीर आणि तांबूस ओघळ दिसला तर ताज्या प्लास्टरवर विश्वास ठेवू नका.

नव्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (राहायला परवानगीचा दाखला) पुढे जाऊ नका. बांधकाम चालू असेल तर महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर तपासा. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर महारेराची नोंदणी लागत नाही, आणि इकडे अशा छोट्या इमारती पुष्कळ. तिथे मंजूर नकाशा स्वतः मागून प्रत्यक्षाशी ताडून बघा.

खाडीकाठ:
पाणी राहिलं. विहीर एप्रिल-मेमध्ये बघा. पावसाळ्यात प्रत्येक विहीर भरलेलीच असते. कातळावर बोअर लागेलच असं नाही. खाडीजवळ टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घेऊन जा. 500 पर्यंत उत्तम, 2000 च्या वर पिण्याला नको. मे महिन्यात मोजा, तेव्हा खारेपणा चढतो.

वाट कागदावर आहे का? पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) माणूस जातो, टेम्पो नाही. दुसऱ्याच्या जागेतून वाट असेल तर खरेदीखतात तिची रुंदी फुटांत लिहून घ्या.

समुद्राच्या बाजूला सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम). विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र. असलेलं अधिकृत घर त्याच चौथऱ्यावर दुरुस्त करता येतं, पण "मागे दोन खोल्या वाढवा" हे एजंटचं बोलणं खरं धरू नका. राजापूर किंवा चिपळूणकडे बघितलंत तर पूररेषा विचारा, आणि 22 जुलै 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा.

ओटीवर:
खूप आभार. टोकनची पावती कशी असावी? एजंट नुसत्या व्हॉट्सअॅपवर "मिळाले" लिहून देतो.

सातबारावाचक:
ते चालणार नाही. पावतीवर एवढं हवं: सर्व्हे किंवा फ्लॅट नंबर, चटई क्षेत्र, एकूण ठरलेली किंमत, टोकनची रक्कम, मुदत (30 दिवस पुरतात), सर्व सहमालकांच्या सह्या. आणि हे वाक्य जसंच्या तसं घाला: "मालकी हक्कात दोष आढळल्यास किंवा बँकेने मिळकतीच्या कागदपत्रांमुळे कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम 7 दिवसांत विनाकपात परत केली जाईल, आणि मुदतीत मालक ही मिळकत अन्य कोणास विकणार नाहीत." पैसे मालकाच्या खात्यावर, एजंटच्या नाही. स्थावर मिळकतीत 20,000 किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. या वाक्यावर सही करायला नकार दिला तर तिथेच उठा.

चिरेबंदी:
एक राहिलं. पसंत पडलेलं घर जुलैत मुसळधार पावसात अर्धा तास उभं राहून बघता आलं तर बघाच. पागोळ्यांचं पाणी चौथऱ्यापासून लांब पडतं की भिंतीवर उडतं, आणि परड्यातलं पाणी कुठल्या व्हाळाला जातं, हे त्या अर्ध्या तासात कळतं.