दाजींचं दीड महिना कशातच मन लागेना. ताण म्हणायचा की आजार?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. आमच्या दाजींबद्दल विचारायचंय. वय ४४, शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला, तिन्ही शिफ्ट फिरत्या. ऑर्डरी कमी झाल्या, ओव्हरटाइम बंद झाला, घराचा हप्ता मात्र चालूच. तेव्हापासून माणूस गप्प आहे. पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग झोप नाही. जेवण निम्म्यावर आलंय. रंकाळ्याची रोजची फेरी बंद, कट्ट्यावरच्यांचे फोन उचलत नाहीत. विचारलं की "पोटात जळतंय, डोकं जड झालंय" एवढंच उत्तर. शुगरसाठी मेटफॉर्मिन चार वर्षं चालू आहे.

आक्का म्हणते जोतिबाला जाऊन येऊ. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम ०.२५ दिली, ती तीन आठवडे रोज रात्री घेतात. झोप लागते, पण दुसऱ्या दिवशी सुस्ती.

हा नुसता ताण की डिप्रेशन, कसं ओळखायचं? "पॉझिटिव्ह राहा" सोडून घरच्यांनी नेमकं काय करायचं? आणि ती गोळी आजच बंद केली तर चालेल का?

मनाची_ओपीडी

पहिल्या प्रश्नासाठी सुटीचा दिवस बघा. ताणातला माणूस वैतागलेला असतो, पण दोन दिवस रजा मिळाली, हप्त्याची सोय झाली, पुढ्यात तांबडा-पांढरा आला की खुलतो. आवडीची गोष्ट समोर असूनही काहीच वाटत नसेल, पहाटेची जाग ठरलेली असेल, भूक गेली असेल, माणसं नकोशी झाली असतील आणि हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं असेल, तर मामला ताणाच्या पुढं गेलाय असं धरून चाला. "उदास वाटतंय" असं आपल्याकडचे पुरुष सहसा म्हणत नाहीत. त्यांचं पोट, डोकं आणि पाठ तक्रार करते.

पीएचक्यू-९ ही डिप्रेशन जोखायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, याला प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. ५ ते ९ सौम्य, १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडं जायचं, २० किंवा त्याच्या पुढं गेलं तर दिवस मोजत बसायचं नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथं शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी बोलायचं. कागद दाजींनी स्वतः भरायचा. आक्कानं शेजारी बसून "अहो, परवा जेवलात की दोन भाकऱ्या" म्हणत गुण कमी करायचे नाहीत. निदान डॉक्टरच करतात. या कागदाचं काम थर्मामीटरएवढंच, दर दोन आठवड्यांनी परत भरला की चढउतार दिसतो.

आता घरी काय करायचं. डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतो, "मन लागलं की जाईन फिरायला." फिरणं बंद, त्यामुळं चांगलं वाटायला काही उरत नाही, त्यामुळं मन आणखी लागत नाही. हे चक्र कृतीच्या बाजूनं तोडावं लागतं, मनाच्या बाजूनं ते तुटत नाही. पद्धत अशी: पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही. साध्या वहीत दर दोन तासांनी एक ओळ, काय करत होतो आणि मन ० ते १० मध्ये किती. आठवड्याअखेरीस वही उलटली की दिसतं, कुठल्या वेळी आकडा सगळ्यात खाली जातो आणि कुठं तो थोडा तरी हलतो. बहुतेकांचा खालचा आकडा मोबाईल घेऊन आडवं पडलेल्या वेळेत सापडतो.

दुसऱ्या आठवड्यात रोज तीनच कामं. एक शरीराचं, एक हातावेगळं होणारं, एक माणसांचं. प्रत्येकाला वेळ आणि जागा ठरलेली हवी. "रोज फिरायला जायचं" हे काम नाही. "पहिल्या शिफ्टहून आल्यावर साडेपाचला, चहाचा कप ठेवला की चप्पल घालून संध्यामठापर्यंत जाऊन परत" हे काम. तेवढंही जड असेल तर गल्लीच्या टोकापर्यंत, पाच मिनिटं. हातावेगळं म्हणजे लाईट बिल भरणं, गाडीचं पंक्चर काढून आणणं. माणसांचं म्हणजे कट्ट्यावरच्या एकालाच फोन, तोही दोन मिनिटांचा. कामाआधी आणि नंतर वहीत आकडा टाकायचा. तो एक-दोननंच वर सरकतो. कधीकधी हलतच नाही, तरी दुसऱ्या दिवशी तेच काम तसंच करायचं.

बिघडतं दोन ठिकाणी. एक, बरा दिवस आला की माणूस अख्ख्या रंकाळ्याला फेरी मारून येतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. बऱ्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त नको. दोन, घरचे पोलीस होतात. "आज गेला नाहीत ना?" असं विचारण्यापेक्षा आक्कानं स्वतः चप्पल घालून दारात उभं राहावं.

जोतिबाला जरूर जा, ते माणसांचं आणि शरीराचं, दोन्ही काम आहे. फक्त रविवारची गर्दी टाळा, आणि "जाऊन आल्यावर बरं वाटलंच पाहिजे" ही अट घालू नका. नाही वाटलं तर दाजी त्याचाही दोष स्वतःलाच देतील.

फिजिशियन_ताराबाईपार्क

वरचं सगळं बरोबर, पण आधी रक्त तपासा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), ड जीवनसत्त्व. थायरॉइड मंदावलं की सुस्ती आणि उदासी येते, ती समुपदेशनानं जात नाही. चार वर्षं मेटफॉर्मिन म्हणजे बी-१२ बघायलाच हवं, कारण ती गोळी बी-१२ चं शोषण कमी करते. त्यात पोटात जळतंय म्हणून रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत असतील तर आणखी भर. बी-१२ च्या गोळ्या तपासणीआधी सुरू करू नका, रिपोर्ट खोटा चांगला येतो. रोज पिणं वाढलंय का, हेही डॉक्टरांना खरं सांगा.

अल्प्राझोलाम: आज एकदम बंद करू नका. तीन आठवडे रोज घेतली असेल तर अचानक सोडल्यावर दोन-तीन रात्री झोप साफ उडते, धडधड होते आणि माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय होतच नाही." तिथूनच सवय लागते. ०.२५ हा लहान डोस आहे, त्यामुळं उतरवणं अवघड नाही, पण वेळापत्रक डॉक्टरांकडून घ्या. मोठा डोस बरेच महिने चालू असेल तर अचानक थांबवल्यानं झटकेही येऊ शकतात. ही गोळी आणि दारू एकत्र कधीच नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतात. सकाळच्या सुस्तीत लेथवर उभं राहणं आणि हायवेनं गाडी चालवणं, दोन्ही धोक्याचं. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही, विक्रीची नोंदही ठेवावी लागते. त्या दुकानातून पुन्हा आणू नका.

डिप्रेशनचं निदान झालं तर डॉक्टर बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी गोळी देतील. या गटाची अल्प्राझोलामसारखी चटक लागत नाही, पण मनानं एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात करंट मारल्यासारखं होतं. पहिले एक-दोन आठवडे मळमळ, थोडी अस्वस्थता येते, म्हणून जेवणानंतर घ्यायची. फरक दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला सहा ते आठ लागतात. लोक कुठं चुकतात? दहाव्या दिवशी "उपयोग नाही" म्हणून सोडतात, नाहीतर दोन महिन्यांनी "बरा झालो" म्हणून. बरं वाटल्यानंतरही किमान सहा महिने चालू ठेवायची असते. लैंगिक इच्छा कमी होणं हा परिणाम बऱ्याच जणांना होतो आणि लाजेपोटी कुणी सांगत नाही, गुपचूप गोळी बंद होते. सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

दोन गोष्टी डॉक्टर विचारायला विसरले तर तुम्ही सांगा. पाठदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेत असतील तर ती या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव वाढवू शकते. आणि पूर्वी कधी आठवडाभर दोन-तीन तासांच्या झोपेवर भलत्या उत्साहात, भराभर बोलत, उधळपट्टी करत काढला होता का? उत्तर होय असेल तर आजार वेगळा असू शकतो आणि औषधही वेगळं लागतं.

तिसरी_शिफ्ट

गोकुळ शिरगावात सेफ्टी बघतो, त्यामुळं फक्त झोपेचं सांगतो भावा.

तिसरी संपवून उजाडल्यावर घरी येताना डोळ्यांवर काळा चष्मा पाहिजे. कोवळं ऊन डोळ्यात गेलं की मेंदू म्हणतो दिवस सुरू झाला. घरी आल्यावर हलकं खाऊन साडेआठच्या आत आडवं, खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत. पोरं शाळेला गेल्यावर मिक्सर आणि कुकर नेमके सकाळीच लागतात, तेवढं आक्कांना सांगा. दुपारी उठायचं आणि ड्युटीला निघण्याआधी रात्री अर्धा तास डुलकी. झोपायच्या आधी सहा तास चहा बंद. टपरीवरचा कटिंगही धरायचा. पहाटे पाचचा चहा जागं राहायला बरा वाटतो, पण सकाळची झोप तोच खातो.

पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात साडेतीनला जाग आली तर घड्याळ बघायचं नाही, किती तास उरले हा हिशेब तर नाहीच. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत, मंद दिव्यात, कंटाळवाणं काहीतरी. जुना पेपर चालेल, मोबाईल नाही. डोळे जड झाले की परत अंथरुणात. झोप झाली नाही तरी उठायची वेळ तीच, आणि दुपारची झोप वीस-तीस मिनिटांच्या वर नाही. पहिले पाच-सहा दिवस हालत खराब होते, त्यातच लोक सोडून देतात. संध्याकाळची क्वार्टर झोप लावते खरी, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग मोडते. साडेतीनच्या जागेला तीही कारण असू शकते.

आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन काही आठवडे तिसरी शिफ्ट टाळता येते का, हे सुपरवायझरशी बोला. चिठ्ठीवर आजाराचं नाव लागतच नाही, "रात्रपाळी टाळावी" एवढं पुरतं.

शिवाजीपेठकर

लई उपयोग झाला, आभारी आहे. वही सुरू करतो. पण खरी अडचण वेगळीच. दाजी डॉक्टरकडं यायलाच तयार नाहीत. "मला वेड्यात काढताय का?" म्हणतात. कंपनीत कळलं तर, ही पण भीती. आणि मनातलं ते नको ते विचारायचं धाडस आमच्यात कुणाचं नाही.

मनाची_ओपीडी

सुरुवात झोपेनं आणि पोटानं करा, कारण त्यांची तक्रार तीच आहे. "दाजी, शुगर आणि बी-१२ तपासून घेऊ, झोपेचंही एकदा विचारू" म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडं न्या. तिथून मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मिळाली की ती डॉक्टरांची सूचना होते, मेहुण्याचा आगाऊपणा होत नाही. चार जणांनी घेराव घालून सांगू नका. एकट्यानं, गाडीवर किंवा चालताना बोला, समोरासमोर नजर नसली की पुरुष जास्त बोलतात.

नको तो प्रश्न सरळ विचारायचा: "दाजी, जीव नकोसा वाटतो का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट सांगायला जागा मिळते. उत्तर होय आलं तर "असं बोलू नका, पोरांचा विचार करा" हे म्हणायचं नाही. "कधीपासून? कसं करायचं ठरवलंय का?" हे विचारायचं. काही ठरवलेलं असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, अपघात विभागात न्यायचं, गाडी नसेल तर १०८. होय-नाही काहीही येवो, गावाकडं उसासाठी आणलेलं तणनाशक, कीटकनाशक आजच घरातून हलवा. कुलूप लावून किल्ली फळीवर ठेवणं म्हणजे हलवणं नव्हे, दुसऱ्याच्या ताब्यात द्या. झोपेच्या गोळ्यांची पाकिटंही आक्काकडं.

पोलिसांच्या भीतीनं पुष्कळ घरं गप्प बसतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, गुन्हेगार म्हणून नाही. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याची जबाबदारीही त्याच कायद्यात आहे. डॉक्टर परस्पर कंपनीला कळवत नाहीत.

दाजी तोवर यायला तयार नसतील तर टेली-मानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा, १४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा, २०२२ पासून, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तर चालतो, तुम्हीच आधी लावा. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, खर्च खासगीच्या मानानं फार कमी. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर सोबत ठेवा.

जाताना एका कागदावर चारच ओळी: त्रास कधीपासून, रात्री किती ते किती झोप, चालू असलेली सगळी औषधं डोससकट (अल्प्राझोलामही), आणि पीएचक्यूची बेरीज. ओपीडीत वेळ थोडा मिळतो, त्यातला निम्मा "सांगा, काय होतंय?" आणि दाजींचं "काही नाही हो" यात जातो. कागद आक्कानं द्यायचा, बोलू द्यायचं दाजींनाच.

तिसरी_शिफ्ट

एक राहिलं. हप्ता थकायच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते विचारा. व्याज एकूण जास्त जाईल, पण महिन्याचा ताण उतरतो. दाजींना एकट्याला पाठवू नका, कागदपत्रं तुम्ही गोळा करा, सही तेवढी त्यांची. वहीतलं त्या दिवसाचं हातावेगळं काम म्हणून तेच धरा.