‘वाइड’ की ‘ब्रॉड’? नियम शिकवावा की जोड्या पाठ करून घ्याव्यात?

शिकवणीवाला, राजारामपुरी
दहावीची पोरं दोन्हीचा अर्थ ‘रुंद’ लिहितात आणि मग बेधडक ‘ब्रॉड अवेक’, ‘वाइड डेलाइट’ ठोकून देतात. माझं मत असं की इथं नियमाच्या भानगडीत पडूच नये. ‘वाइड अवेक’, ‘ब्रॉड डेलाइट’, ‘ब्रॉड आउटलाइन’ असं जोडीनं पाठ करायचं आणि मोकळं व्हायचं. नियम सांगितला की पोरं अपवाद काढतात, तास तिथंच संपतो.

तालीमवाला
सर, सपशेल नामंजूर. ‘वाइड’मध्ये या कडेपासून त्या कडेपर्यंतचं अंतर बघायचं, किंवा एखादी गोष्ट किती उघडली ते. ‘ब्रॉड’मध्ये जे आहे त्याचाच ऐसपैसपणा. डोळे, तोंड, दार उघडतात, म्हणून वाइड. खासबागेच्या मैदानात कुस्तीला उतरणाऱ्या गड्याची छाती, पाठ, खांदे काय उघडतात व्हय? ते भरलेले असतात, म्हणून ब्रॉड. दाताचा डॉक्टर ‘ओपन वाइड’च म्हणतो. तुमच्याच जोड्या घ्या: टक्क जागा माणूस डोळे सताड उघडे ठेवतो, तो वाइड अवेक. आणि दिवसाढवळ्याचा उजेड सगळीकडं पसरलेला, तो ब्रॉड.

शिकवणीवाला, राजारामपुरी
आणि हसू? ओठ फाकतात, तरी ‘ब्रॉड स्माइल’ म्हणतातच की. ‘वाइड स्माइल’ही चालतं. नदीला तर दोन्ही शब्द लावतात.

तालीमवाला
नदीचं सोपं आहे. पंचगंगेचं पात्र या काठावरून त्या काठापर्यंत मोजताना वाइड. पुराचं पाणी शिवारभर पसरलेलं दाखवायचं तर ब्रॉड. हसण्याचं बघू नंतर.

गल्ली क्रिकेट
बॉल वाइड जातो तेव्हा तो रुंद होतो का ओ? 😀

तालीमवाला
भावा, तिथं ‘वाइड’ म्हणजे लांबून, बॅट्समनच्या आवाक्याबाहेरून. नेम चुकला तरी इंग्रजीत ‘वाइड ऑफ द मार्क’ म्हणतात. अंतरच आलं की शेवटी.

मिरज पॅसेंजर
तालीमवाले, आता हे सोडवा. कोल्हापूर-मिरज लाइन १८९१ साली सुरू झाली तेव्हा मीटर गेज होती, पुढं ब्रॉड गेज झाली. ब्रॉड गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. या कडेपासून त्या कडेपर्यंत! तुमच्या नियमानं ‘वाइड गेज’ व्हायला पाहिजे होतं.

शिकवणीवाला, राजारामपुरी
पॅसेंजर, जिंकलास. 😀

नववीच्या मुलीची आई
सर, घाई करू नका. पाठ केलेली जोडी तेवढ्याच वाक्यापुरती. माझ्या मुलीला ‘अवांतर वाचन भरपूर आहे’ असं लिहायचं होतं. ती जोडी वहीत नव्हती, मग वाक्यच गाळलं. डोळे आणि खांद्यांचा फरक कळला असता तर ‘वाइड रीडिंग’ बरोबर आलं नसतं कदाचित, पण तिनं काहीतरी लिहिलं तरी असतं. चुकेल तिथं शिक्षक आहेतच ना?

तालीमवाला
ताई बरोबर बोलल्या. आणि पॅसेंजर, गेजचं असं: ते रुळाच्या जातीचं नाव आहे. नुसतं माप सांगताना लोक अमुक फूट ‘वाइड’च म्हणतात.

मिरज पॅसेंजर
ही पळवाट झाली.

शिकवणीवाला, राजारामपुरी
डोळे-खांदे पहिल्या तासाला सांगतो, ताईंच्या शब्दाखातर. ‘ब्रॉड गेज’ मात्र पाठच करून घेणार.