कामाच्या खोलीतली झाडं एकेक करून चाललीत, चिलटं मात्र जोमात

घरबशी_कारकून

नमस्कार मंडळी. राहणार कर्वेनगर, तिसरा मजला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करते. काम पगारपत्रकांचं, म्हणजे दिवसभर डोळ्यांसमोर एक्सेलच्या चौकटी. पूर्वी जी अडगळीची खोली होती, नऊ बाय आठ, तिलाच आता आम्ही ‘ऑफिस’ म्हणतो. खिडकी एकच, उत्तरेला, आणि समोर बारा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. टेबल खिडकीच्या अगदी विरुद्ध टोकाला, कारण प्लग तिथेच आहे.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन बघून आले आणि डोक्यात खूळ शिरलं. पुढच्याच रविवारी एका नर्सरीतून सात झाडं आणली: अरेका पाम, पीस लिली, दोन सिंगोनियम, स्नेक प्लांट, झेडझेड आणि मनी प्लांट. वर शोभेच्या पांढऱ्या कुंड्या. “इनडोअर आहेत ना नक्की?” “एकदम इनडोअर ताई, उन्हाची गरजच नाही.” कुंड्या आणि रिक्षा धरून अठ्ठावीसशे गेले.

आता जुलै. अरेकाची टोकं करपली, मग पानं, मग काहीच उरलं नाही. पीस लिली मान टाकून बसलीय. सिंगोनियमच्या काड्या हातभर लांब झाल्या, पानं मात्र पैशाएवढी, आणि सगळी खिडकीकडे धावतायत. सर्वात वाईट स्नेक प्लांटचं. धूळ पुसायला पान धरलं तर ते मुळापासून हातातच आलं. खाली पिवळा चिखल, सडक्या कोबीसारखा वास. झेडझेड आणि मनी प्लांट जिवंत आहेत, पण खूश दिसत नाहीत.

पाणी मी फक्त शनिवारी घालते, कुंडीला अर्धा तांब्या. शपथेवर सांगते, त्याहून थेंब जास्त नाही. तेही चांगलं पाणी वाया घालवत नाही, आरओ मशीनमधून जे बाहेर पडतं ते बादलीत साठवून वापरते.

आणि चिलटं! बारीक, काळी, स्क्रीनच्या उजेडावर येणारी. परवा व्हिडिओ कॉलवर मॅनेजर म्हणाले, “तुम्ही मधूनच टाळ्या का वाजवताय?” आता काय सांगू त्यांना.

काय चुकतंय? आणि झाडांनी खोलीतली हवा शुद्ध होते म्हणतात, ते खरं असेल तर अजून चार आणू का?

निवृत्त_माळीणबाई

तुला अगंतुगं करते, वयाचा फायदा घेते. कॉलेजात पस्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे पहिले प्रश्न मीच विचारणार.

‘उन्हाची गरज नाही’ याचा अर्थ ‘उजेडाची गरज नाही’ असा नाही. आपल्या डोळ्याला अंधार फार लवकर सवयीचा होतो, म्हणून खोली उजेडाची वाटते. एक साधी परीक्षा कर. दुपारी बारा-एकला टेबलावर कोरा कागद ठेव आणि फूटभर वर हात धर. बोटांची सावली कडेसकट दिसली तर उजेड भरपूर. नुसता धूसर डाग दिसला तर जेमतेम. काहीच नाही दिसलं तर तिथे कुंडी नाही, फुलदाणी ठेवायची. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायची फुकट ॲप्स असतात, त्यातले आकडेही सांग. अंदाज असावा म्हणून सांगते, भर उन्हात एक लाख लक्सच्या घरात असतं, ढगाळ दिवशी बाहेर मोकळ्यावर दहा-एक हजार. दोन-अडीचशेच्या खाली स्नेक प्लांटसुद्धा जगत नाही, नुसतं साठवलेल्यावर दिवस काढतं. तुझ्या सिंगोनियमने तर लिहूनच दिलंय की उजेड नाही. लांब काडी आणि बारकं पान म्हणजे तेच.

उत्तरेच्या खिडकीचं पुण्यात एक दुर्दैव आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून जरा उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणजे वर्षात तेवढेच दिवस तिला काही मिळायची शक्यता, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं. तुझ्याकडे तर समोर भिंत.

आता पाणी. आठवड्याला अर्धा तांब्या घालून स्नेक प्लांटचा चिखल सहसा होत नाही. पांढऱ्या कुंडीला खाली भोक आहे का? आणि दुसरा प्रश्न, राग मानू नकोस: घरात अजून कोण पाणी घालतं?

आरओचं वाया जाणारं पाणी आजच बंद कर. गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. त्याने फरशी पूस. मातीवर पांढरट पापुद्रा आला असेल बघ. अरेकाची टोकं त्यानेच करपली असणार, या पामला क्षार सोसत नाहीत.

नारायणपेठी

हवा शुद्ध करायची असेल तर खिडकी उघडा. फुकट आहे.

ते ‘नासाने सिद्ध केलंय’ प्रकरण १९८९ चं. वुल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने हवाबंद पेटीत झाड ठेवून प्रयोग केले होते, अवकाशयानासाठी. प्रयोग खोटा नाही, पण तुमची खोली हवाबंद पेटी नाही. दाराखालच्या फटीतूनच त्याहून जास्त हवा खेळते. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघांनी असे जुने प्रयोग एकत्र करून गणित मांडलं: नुसत्या हवेच्या येण्याजाण्याने जेवढी सफाई होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. तुमची खोली साधारण पावणेसात चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी सदुसष्ट झाडं. लॅपटॉप मांडीवर घ्यावा लागेल, कारण टेबल राहणार नाही.

आमच्याकडे प्लास्टिकचा मनी प्लांट आहे. अकरा वर्षं झाली, एक पान पिवळं नाही.

निवृत्त_माळीणबाई

@नारायणपेठी, गणित बरोबर, निष्कर्ष आखूड. ती हवेसाठी ठेवतच नाहीये, चौकटी बघून कंटाळलेल्या डोळ्यांसाठी ठेवतेय. फक्त, कुंडी स्क्रीनला चिकटून ठेवू नये. नजर तेवढीच जवळ राहते. उठून जाऊन बघावं लागेल अशा ठिकाणी ठेवावी.

घरबशी_कारकून

दोन दिवस पाळत ठेवली. अहवाल सादर करते.

लक्स: खिडकीच्या कट्ट्यावर सहाशे वीस, टेबलावर एकतीस. हाताची सावली टेबलावर पडतच नाही. पांढऱ्या कुंड्यांना भोकं नाहीत. मातीवर पापुद्रा आहे, मी त्याला बुरशी समजून खरवडत होते.

आणि आता मुख्य गोष्ट. सकाळी साडेसातला सासूबाई तुळशीला पाणी घालतात. तांब्यात थोडं उरतं. ते ओतून कसं द्यायचं, म्हणून त्या माझ्या खोलीत येऊन ‘यांनाही थोडं थोडं’ करतात. रोज. जानेवारीपासून. मी तेव्हा अंघोळीला असते! दहा वाजता लादी पुसायला मावशी येतात. माझ्या बाटलीतलं कालचं शिळं पाणी त्या कुठे टाकत असतील? बरोबर. आणि लेक शाळेच्या बाटलीचं तेच करते, कारण तिला विज्ञानाच्या बाईंनी सांगितलंय.

म्हणजे शनिवारचा माझा अर्धा तांब्या ही केवळ औपचारिकता होती.

आईंना सांगायचं कसं हा प्रश्न आहे. प्रेमाने घालतात हो.

उरुळीकर

ताई, आमच्या घरची उरुळी कांचनला नर्सरी आहे, त्यामुळे धंद्यातलं एक गुपित सांगतो. नर्सरीतलं झाड काळ्या पिशवीतून काढून बघा, मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. ट्रकमधून जाताना मुळं हलू नयेत म्हणून तसं करावंच लागतं. पण घरात तो गोळा आतून पंधरा-पंधरा दिवस ओला राहतो, आणि एकदा कडक वाळला की पाणी बाजूने वाहून जातं, आत शिरतच नाही. बहुतेक लोक तो तसाच नव्या कुंडीत ठेवतात.

झेडझेड उपसा. खाली बटाट्यासारखे कंद असतील, तेच त्याची पाण्याची टाकी. दाबून बघा. घट्ट असले तर काळजी नाही, मऊ लागतील ते कापून टाका. गोळा बादलीत भिजवून हलक्या हाताने सोडवा. नवी माती भरताना निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग गांडूळखत, पाव भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). पर्लाइट महाग वाटलं तर भाताचं तूस चालतं. साध्या प्लास्टिकच्या भोकाच्या कुंडीत लावा आणि ती पांढऱ्या कुंडीत नुसती बसवा. पाणी घालताना बाहेर काढायची, पूर्ण निथळली की परत आत.

चिलटांना मारून उपयोग नाही, ती वरच्या ओल्या मातीत अंडी घालतात. बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा, काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या जमलेल्या दिसतील. चकतीसकट फेकायच्या. वरचा इंचभर थर वाळू दिला की पुढची पिढी येत नाही. उडणाऱ्यांसाठी शेतात लावतो ते पिवळे चिकट सापळे मिळतात, त्याचा हातभर तुकडा पुरे. महिनाभर तरी लागेल, कारण पिढी पूर्ण व्हायलाच तीन-चार आठवडे जातात.

उजेडाचं म्हणाल तर वीस वॉटची साधी एलईडी पट्टी झाडांच्या फूटभर वर लावा. महागडा जांभळा दिवा घेऊ नका. रोज बारा तास चालली तरी महिन्याला सात-सव्वासात युनिट.

पाण्यासाठी खराट्याची काडी मातीत खोल खुपसायची. माती चिकटून आली तर पाणी नाही.

नारायणपेठी

मनी प्लांट बाटलीत असेल तर पावसाळ्यात आठवड्याला पाणी बदला आणि बाटली आतून घासा. डेंगीच्या डासाची अंडी काचेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. महापालिकेची माणसं अळ्या शोधत येतात तेव्हा पहिल्यांदा तिथेच बघतात. आमच्याकडे आले होते. प्लास्टिकचा बघून चिडून गेले.

घरबशी_कारकून

सात आठवड्यांनी येतेय, मधे गणपती होते.

टेबल फिरवलं, एक्स्टेंशन बोर्ड आणला. (हे सहा वर्षांत का सुचलं नाही?) आता खिडकी डावीकडे येते आणि कट्ट्यावर झेडझेड, सिंगोनियम, पीस लिली. वर पट्टी, पानांपाशी अठराशे लक्स. झेडझेडचे दोन कंद मऊ निघाले, ते कापले. बाकीच्यातून परवा नवा कोंब आलाय, शेवग्याच्या कोवळ्या शेंगेसारखा चकचकीत. सिंगोनियम छाटून पेरं पाण्यात ठेवली, बाटली घासते, नारायणपेठींनी काळजी करू नये. स्नेक प्लांट आणि अरेका गेले ते गेले. पीस लिलीचं अजून काही सांगता येत नाही, कधी उभी कधी आडवी.

चिलटं संपली म्हणत नाही, पण कॉलवर टाळ्या बंद झाल्यात.

आईंना मी ‘घालू नका’ म्हटलंच नाही. पाण्याचं सगळं खातंच त्यांच्याकडे दिलं आणि उरुळीकरांची काडी दाखवली. खराट्याची काडी बघून त्यांनी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर कुंडीत विझलेल्या उदबत्तीची काडी. पूजा झाली की ती घेऊनच त्या खोलीत येतात, खुपसतात, चष्मा वर करून बघतात आणि “हिला नको आज” म्हणून परत जातात. मावशींना आणि लेकीला त्यांनीच दम भरलाय, आणि तो माझ्यापेक्षा चांगला लागू पडला. आरओचं पाणी लादीला.

एक शंका त्यांनीच विचारायला सांगितलीय: उदबत्तीच्या उरलेल्या वासाने मुळांना काही होत नाही ना? शिंका मला येतायत, पण ते त्यांनी विचारायला सांगितलेलं नाही.